गुणाजीच्या पोटरीची साक्ष

मंगळवारी सकाळी मेघालीने दात घासता घासता मोबाईल उघडला आणि ब्रश तोंडातच राहिला. 'गुहागर समुद्रस्नान सहल' या ग्रुपवर रात्रीतून एकशे बारा मेसेज येऊन पडले होते.

पहिला होता डोंबिवलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा. "मेघाली, हे खरे आहे का? ताबडतोब खुलासा कर." त्याच्याखाली एक व्हिडिओ. त्यात खाडीची जेटी, जेटीवर छाती काढून उभा असलेला एक तरुण, त्याच्या दोन्ही हातांत शेपटीला धरलेल्या दोन मुश्या, म्हणजे हातभर लांबीचे शार्क, आणि वर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'ठाण्याच्या खाडीत शार्क! पाण्यात उतरणाऱ्यांनो, सावधान!' मागे कसलंसं छातीत धडकी भरवणारं संगीत.

मुशी बघून दचकणाऱ्यांतली मेघाली नव्हती. चेंदणीच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या पोरीने दात यायच्या आधी मुशीचा रस्सा चाखलेला असतो. ती हादरली ती त्या तरुणाला बघून. कारण तो तिचा सख्खा भाऊ चिराग होता.

"चिऱ्याऽऽ!"

तोंडातला फेस भिंतीवर उडाला. चिराग पांघरुणातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय झालं? भारी चाललाय ना? सतरा हजार झाले."

झालं होतं ते असं. मोठी बहीण अक्षदा नऊ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती आणि माहेरी आली होती. कोळ्यांत बाळंतिणीला मुशीचं पातळ कालवण देतात, लसूण-मिरी सढळ हाताने घातलेलं. त्याने अंगावर दूध येतं यावर कोळीवाड्याचा विश्वास डॉक्टरपेक्षा जास्त. म्हणून आजीने, मनुबाईने, चिरागला ससून डॉकला पिटाळलं होतं. खाडीत आता निवट्या, खरब्या असली चिखलातली बारकी मासळी मिळाली तरी देव पावला म्हणायचा, तिथे मुशी कुठली येणार? चिरागने बर्फात घालून दोन आणल्या, आणि घरी जायच्या आधी जेटीवर उभं राहून रील काढली. 'आपल्या खाडीचा राजा, शार्क!' असं वर लिहिलं. पुढची काटछाट, ती लाल अक्षरं आणि संगीत कुठल्यातरी दुसऱ्याच दिवट्याचं.

"अगं मी गंमत केलेली," चिराग म्हणाला. "डॉकचा बर्फ दिसतोय त्यात. कोण खरं मानणार?"

त्याचंही एका अर्थी खरं होतं. त्या घरात सात माणसं, आणि सातांतल्या एकालाही ते चित्र बघून भीती वाटली नव्हती. बापाने पाहिलं होतं, आईने पाहिलं होतं, अक्षदाने तर बाळाला मांडीवर घेऊन लाईक दिलं होतं. जी वस्तू घरच्या टोपात शिजते तिच्या नावाने जगाची गाळण उडते, हे कोळ्याच्या घरात सुचायचं तरी कोणाला? मेघालीलाही सुचलं नव्हतं. तिनेही ती रील आदल्या दिवशी पाहिली होती आणि "केस नीट विंचरायचे होतेस" एवढंच म्हणाली होती. आता ते आठवून तिला स्वतःचेच केस उपटावेसे वाटले.

दुपारपर्यंत सात जणांनी नावं काढून घेतली.

मेघालीचं वय पंचवीस. दोन वर्षं ती वागळे इस्टेटमधल्या एका सहल कंपनीत कानाला हेडफोन लावून बसली होती आणि स्वतः कधी न पाहिलेलं बँकॉक लोकांना विकत होती. नोव्हेंबरात तिने राजीनामा दिला आणि स्वतःची पहिली सहल जाहीर केली. घरात बाप म्हणाला, एकदा करून बघ. साहेब म्हणाला, एक फेब्रुवारीपर्यंत तुझी खुर्ची ठेवतो, मग नाही. म्हणजे जानेवारीतली ही सहल निघाली तर ती स्वतःची मालकीण, मोडली तर पुन्हा हेडफोन आणि "मी आपल्याला काय साहाय्य करू शकते?" इतकं साधं होतं ते.

गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवली पूर्वेचं सकाळी फिरणाऱ्यांचं एक मंडळ. एकतीस माणसं, सरासरी वय अडुसष्ट. आणि सहलीचं खास आकर्षण देवदर्शन नव्हतं की आमरस नव्हता. ते होतं दोरीचं समुद्रस्नान. किनाऱ्यावर खुंट, खुंटाला जाड दोर, पाण्यात दोन्ही बाजूंना गावातले चार कोळी, आणि मध्ये दोराला धरून छातीएवढ्या पाण्यात उभं राहायचं.

ही कल्पना मुळात मंडळातल्या सरोजकाकूंची. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, "मी समुद्र पुष्कळ पाहिलाय गं. भेळ खाल्ली, कणीस खाल्लं, साडी धरून घोट्यापर्यंत पाय भिजवले. पण सहासष्ट वर्षांत समुद्रात म्हणून कधी गेले नाही. यांनी जाऊच दिलं नाही." तेव्हा 'यांनी', म्हणजे हरिहर कर्णिकांनी, छताकडे पाहिलं होतं.

हे हरिहरकाका मंडळाचे कर्तेधर्ते. चौतीस वर्षं विमा कंपनीत, तीही क्लेम विभागात. माणसं कशाकशाने मरतात, मोडतात, भाजतात हेच आयुष्यभर वाचलेलं, त्यामुळे नजर बिघडली ती बिघडलीच. कुठे बसायला गेले तर पंख्याखाली बसत नसत. लग्नात मांडवाचा बांबू हलवून बघत. बायकोच्या माहेरचा आंबासुद्धा त्यांनी "कोय घशात अडकल्याच्या तीन केसेस आहेत" असं सांगून कापून खाल्लेला. पण मंडळात त्यांचा शब्द प्रमाण. ते हो म्हणाले म्हणून एकतीस नावं आली होती, आणि ते नाही म्हणाले तर एकही उरणार नव्हतं.

मेघाली बुधवारी त्यांच्या घरी गेली. सरोजकाकूंनी पोहे पुढे ठेवले आणि डोळ्यांनीच विचारलं, जाणार ना गं आपण? काका मात्र एक जाडजूड वही उघडून बसले होते.

"हे बघ," ते म्हणाले. "न्हाणीघरात घसरणे, सगळ्यांत वर. मग जिना. मग रिक्षा, मोटारसायकल, गॅस. पुढे साप आहे, बैल आहे, नारळ डोक्यात पडणे आहे. एकदा हत्तीसुद्धा आहे. शार्क नाही. चौतीस वर्षांत एकही क्लेम नाही."

"मग झालं तर, काका!"

"झालं कसं? शून्याचे दोन अर्थ असतात बाळ. धोका नाही हा एक. आणि आमच्याकडे कोणी सांगायलाच आलं नाही हा दुसरा. समुद्रावरची किती माणसं विमा काढतात?"

मेघालीने व्हिडिओची सगळी हकिगत सांगितली. ससून डॉक, बर्फ, बाळंतीण. काका ऐकून घेत होते, पण बाळंतिणीला शार्क खायला घालतात हे ऐकल्यावर त्यांचा चमचा खाली आला. "शार्क? लेकुरवाळीला?" सरोजकाकूंनी तोंडाला पदर लावला. त्या घरी बारा महिने मासे शिजत, पापलेटचा ताजेपणा कल्ला उघडून ओळखणारी ती माणसं, पण हे काही त्यांच्या पचनी पडेना.

शेवटी काका म्हणाले, "व्हिडिओ खोटा आहे हे मान्य. पण प्रश्न त्याने उभा केला तो खराच आहे. गुहागरला समुद्र आहे आणि समुद्रात मुशी आहे. मला साक्षीदार हवा. पुस्तकी नको, प्रत्यक्ष. ज्याने आयुष्य त्या पाण्यात घालवलंय असा."

"माझा आजा आहे!" मेघाली जवळजवळ ओरडलीच. "गुणाजी. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चौदाव्या वर्षापासून पाण्यात. साठ वर्षांत त्याला शार्कने कधी बोटसुद्धा लावलेलं नाही!"

"रविवारी पाच वाजता घेऊन ये," काका म्हणाले, आणि वहीत तसं लिहून घेतलं.

गुणाजीला माणसांची ओढ कमी. तो रोज सकाळी उठून जेटीवर जायचा, आता नसलेल्या होडीच्या जागेकडे बघत विडी ओढायचा आणि परत यायचा. कोळीवाड्यातले बाकीचे म्हातारे कमरेला गुडघ्यावर येणारा कोळी रुमाल नाहीतर बर्मुडा घालून ओट्यावर बसत, गुणाजी मात्र बारा महिने पायघोळ लेंगा घाली. त्याच्या डाव्या पोटरीवर जुनी जखम होती. होडीच्या इंजिनाचा पंखा लागला होता म्हणे, मेघालीचा बाप पाच दिवसांचा असताना. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मेघालीने पाचवीत 'माझे आजोबा' या निबंधात ती लिहिली होती आणि दहापैकी नऊ मिळवले होते.

"मी नाय येत," गुणाजी म्हणाला. "मना त्या लोकांत बोलता येत नाय."

"बोलायचंय काय त्यात? ते विचारतील ते सांग."

"काय सांगू?"

"जे आहे ते सांग ना आजा."

गुणाजीने विडी विझवली. "जे हाय ते?"

"हो रे. खोटं थोडंच बोलायचंय?"

शेगडीशी बसलेल्या मनुबाईने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मेघालीने ते पाहिलं, पण तेव्हा तिचं डोकं एकतीस माणसांत अडकलेलं होतं.

रविवारी कर्णिकांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर बायका, खुर्च्यांवर पुरुष, गुडघे चांगले असलेले दोघे-तिघे सतरंजीवर. गुणाजीला मधोमध बसवलं. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी. मेघाली दाराला टेकून उभी होती आणि पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटत होतं. आजाकडे बघितलं की कोणाचाही विश्वास बसावा असा तो चेहरा.

हरिहरकाकांनी चष्मा लावला. नाव, वय, किती वर्षं धंदा, कुठल्या कुठल्या पाण्यात, सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "गुणाजी, आता मुख्य प्रश्न. या एवढ्या वर्षांत तुम्हांला मुशी कधी चावली आहे का? शपथेवर सांगा."

कोर्टकचेरीची सवय. एरवी त्या वाक्याला काही अर्थ नव्हता. पण गुणाजी दचकला. "कोनाची आन?"

"कोणाची म्हणजे..." काका गडबडले. "तुमच्यात घेतात ती."

"आमच्यात दर्याची घेतात."

"मग दर्याची घ्या."

मेघाली मनातून खूश झाली. कोळीवाड्यात जाळ्यावरून, जागेवरून कितीही भांडण पेटलं तरी दर्याची आण घातली की तिथेच मिटतं. ती खोटी घेऊन पुन्हा पाण्यात उतरायची छाती कोणाची होत नाही. आता याहून मोठा पुरावा तो काय हवा?

गुणाजीने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. मग सरोजकाकूंकडे वळून म्हणाला, "बाय, मूठभर मीठ आनि पानी देता?" काकू धावत आत गेल्या. त्याने डाव्या तळहातावर मीठ घेतलं, त्यावर पाणी ओतलं. जिथे दर्या नाही तिथे दर्या असा हातावर घेतात. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दर्याची आन," तो म्हणाला. "मना मुशी चावली हाय."

सोफ्यावरच्या बायकांनी पाय वर घेतले.

गुणाजीने ओला हात सदऱ्याला पुसला, वाकून डावा लेंगा गुडघ्यापर्यंत वर सरकवला आणि पाय पुढे केला. पोटरीचा एक लचका जागेवर नव्हता. अर्धवट खाल्लेल्या पेरूसारखी ती जागा खोल गेली होती, आणि तिच्या वर एक, खाली एक अशा पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन कमानी होत्या. मेघालीने तो पाय जन्मभरात दोन-चारदा ओझरता पाहिला होता. पण ते ठिपके तिने कधी मोजले नव्हते, कारण पंखा लागला म्हटल्यावर मोजायचं काय?

"आजा," ती दारातून म्हणाली. "तो... पंखा..."

"पंखा नव्हता, बाय."

मुख्याध्यापिकाबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे चावते! मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, चावते!" त्यांनी पिशवी उचलली. त्यांच्यामागून एक जोडपं उठलं. मेघालीने त्यांना जायला दारातून वाट दिली. सहल गेली हे तर झालंच. पण त्याहून तिला कळेना ते हे की पंचवीस वर्षं घरात जे खरं म्हणून जेवणाच्या पानावर वाढलं गेलं, ते या म्हाताऱ्याने मूठभर मिठावर उडवून दिलं कसं?

हरिहरकाका मात्र जागचे हलले नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी त्यांच्यासमोर खरा क्लेम आला होता.

"कधी?"

"हिचा बाप पाच दिसांचा होता. अठ्ठेचाळीस वरसं झाली. मी उत्तनच्या मोठ्या होरीवर खलाशी होतू."

"पोहत होतात?"

"नाय. होरीवरच."

"होडीवर? मुशी होडीवर कशी आली?"

"जाल्यात आली. मालक बोलला, गुणाजी, तुजी बायको बाळंत हाय ना, एक ने घरी. मी एक बाजूला काढून ठेवली. एक तास पडली होती तशीच. मना वाटला मेली. दोरी बांधाला गेलू, तर तिना तोंड फिरवला न् धरला." त्याने हाताचा पंजा मिटून दाखवला. "कोयती घालून जबडा फोडला तवा सुटला."

"आणि पाण्यात?" काका पुढे झुकले. "ती पाण्यात असताना?"

"साठ वरसं तिच्या पान्यात उतरतंय, साहेब. जाला अडकला, उतर. नांगर अडकला, उतर. बाजूनं जाय, बघून जाय. पान्यात मना कवा शिवली नाय. मी तिला भायेर काढली तवा चावली."

काकांनी लिहिणं थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"हा अपघात कामावरचा आहे," ते म्हणाले. "मृत समजलेल्या मालाची हाताळणी. चूक साक्षीदाराची स्वतःची. समुद्रस्नानाशी याचा संबंध नाही." मग आवाज जरा खाली आला. "आणि दुसरं. या माणसाने आज 'नाही' एवढंच म्हटलं असतं तर नातीचं काम झालं असतं. तरी त्याने हो म्हटलं. असा माणूस जेव्हा सांगतो की पाण्यात शिवली नाही, तेव्हा ते मी मानतो. सरोज, आपली नावं राहू देत."

"मी माझं काढलंच नव्हतं," सरोजकाकू म्हणाल्या.

संध्याकाळी मोजून झालं तेव्हा बावीस उरले होते. गाडी निघायला वीस पुरे होते.

परतीच्या वाटेवर चिराग चालवत होता ती त्याच्या मित्राची गाडी शिळफाट्याला अडकली, ती अडकलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक. मेघालीला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नव्हता.

"मला तोंडघशी पाडायचं होतंस का आजा?"

"तूच बोललीस, जे हाय ते सांग."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस? आम्हांला? आजीला?"

चिरागने आरशातून मागे पाहिलं.

"पयला म्हंजे लोक हसले असते," गुणाजी म्हणाला. "मेलेली मुशी कोल्याला चावली. कोलीवाड्यात तोंड दाखवाला जागा नसती राहिली."

"आणि दुसरं?"

"दुसरा तुज्या आजीचा. तिला दूध येत नव्हता. सखाराम रातंदिस रडं. ती मुशी मी तिच्यासाठीच आनलेली. आता तिना माजा लचका घेतलेला, ह्या जर मी घरी बोललू असतू, तर मनुनं ते कालवण तोंडात घेतला असता काय? नवऱ्याचा मास खाल्लेली मुशी कोन बायको खाईल? म्हनून बोललू, पंखा लागला."

मेघालीने आजाच्या लेंग्याकडे पाहिलं. तिचा बाप, तो धडधाकट सखाराम, त्या दुधावर वाढला होता.

घरी पोचले तेव्हा मनुबाई अक्षदासाठी कालवणाला फोडणी देत होती. चिरागच्या तोंडात तीळ भिजत नाही. उंबऱ्यातूनच तो ओरडला, "आजी! आजाला पंखा नाही, मुशी चावलेली!"

मनुबाईने पळी फिरवली, गॅस बारीक केला. "मना ठाव हाय."

गुणाजी चप्पल काढत होता. एक पाय चपलेत, एक बाहेर, असा तो तिथेच थांबला.

मनुबाई उठली. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यातून तिने तिचा लग्नातला करंडा काढला, आणि कुंकवाच्या तळातून बोटाने उकरून काहीतरी वर घेतलं. मेघालीने हात पुढे केला. तिच्या तळव्यावर एक दात पडला. नखाएवढा, त्रिकोणी, कुंकवाने लाल झालेला.

"तिसऱ्या दिशी फडका बदलताना जखमेतून निंगाला," मनुबाई म्हणाली. "पंख्याला दात असतात काय?"

"तुना ठाव होता?" गुणाजी एका चपलेनिशी आत आला. "म्हंजे... तू तो कालवण..."

"पयले दोन दिस नकलत खाल्ला. तिसऱ्या दिशी दात गावला. मग चवथ्या दिशी कलून खाल्ला. डोले मिटले न् खाल्ला. पोराला दूध पायजे होता." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी मना सांगितला नाय, म्हनून मी पन तुमाला नाय सांगितला. तुमाला वाईट वाटला असता."

गुणाजी भिंतीला धरत खाली बसला. अठ्ठेचाळीस वर्षं तो लेंगा खाली ओढत होता, ज्या एका माणसापासून पाय लपवायचा त्याच्याच हातात पहिल्या आठवड्यापासून पुरावा होता. त्याच्याकडे बघवेना. अक्षदा बाळाला थोपटायची थांबली होती. मेघालीला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि तिने ते लपवलं नाही.

सगळ्यांत आधी सावरली ती मनुबाईच. तिने दात परत घेतला, करंड्यात ठेवला आणि नातीला म्हणाली, "बाय, तुज्या गाडीत किती जागा रिकाम्या?"

"नऊ. का गं?"

"एक माजी लिव."

"तुझी?"

"पन्नास वरसं दर्याचा मासा इकला. डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्यापास्नं वागळेपर्यंत फिरली. दर्यात आंग कवा बुडवला नाय. बायांना कोन नेतो? पुरुष जातात, आमी काठावर." ती गॅसकडे वळली. "त्या डोंबिवलीच्या बायकांना दोर धरून नेतेस, तर मना पन ने. छातीपर्यंत."

मेघाली हो म्हणणार, तेवढ्यात गुणाजी भिंतीजवळून उठला. तासा-दोन तासांपूर्वी याच माणसाने हातावर मीठ घेऊन सांगितलं होतं की पाण्यात ती शिवत नाही. हरिहर कर्णिकांसारख्या माणसाने ते वहीत लिहून घेतलं होतं, बावीस माणसांनी त्यावर आपले जीव ठेवले होते. त्या म्हाताऱ्याचा चेहरा आता पांढराफटक पडला होता, पोटरी दाखवताना पडला नव्हता तेवढा.

"नको मनू," तो म्हणाला. "पान्यात मुशी असते."

चिराग हसायला गेला आणि हसला नाही.

मनुबाईने टोप खाली उतरवला, अक्षदाच्या वाटीत रस्सा ओतला. मग कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघितलं.

"मग तुमी माज्या बाजूला उबे राहा," ती म्हणाली. "लेंगा न घालता."

मेघालीने मोबाईल काढला आणि यादीत दोन नावं वाढवली.